पिळणीवाल्याला मिळालेला चेहरा

नंबरकाकांना साधा खिळा ठोकता येत नसे. ठोकलाच तर तो भिंतीत कमी आणि अंगठ्यात जास्त जाई. घरातला दिवा गेला की ते आधी खिडकीतून समोरच्या घराकडे बघत. तिथे उजेड दिसला, की निमूटपणे खुर्ची आणून काकूंसमोर ठेवत आणि तिचे पाय घट्ट धरून बसत. खुर्चीवर चढून दिवा बदलायच्या काकू.

"माझं आणि यंत्रांचं जमत नाही," असं ते चारचौघांत सांगत.

"यंत्रांचं सगळ्यांशी जमतं," काकू म्हणत. "तुमच्याशीच तेवढं त्यांचं वाकडं आहे."

अशा या माणसाचा चेहरा शहराच्या मुख्य चौकात, एका थोर संशोधकाच्या पुतळ्यावर कायमचा जाऊन बसला. तो तिथे कसा पोचला आणि त्यापायी नवराबायकोला काय काय निस्तरावं लागलं, त्याची ही हकीकत.

काका बुटांच्या दुकानात विक्रेते होते. मिसरूड फुटायच्या वयात त्या दुकानात शिरले ते तिथलेच झाले. कुणीही भेटलं की त्यांची नजर आधी पायांकडे जाई आणि ओठ पुटपुटत, "आठ." किंवा, "साडेसहा, पण डावा जरा रुंद." म्हणून ते नंबरकाका. काकूंना पहिल्यांदा भेटले तेव्हाही ते सगळा वेळ खाली मान घालून होते. काकूंना वाटलं, काय लाजाळू माणूस आहे! तो गैरसमज दूर व्हायला लग्न व्हावं लागलं.

काकूंचं माहेर सायकल दुरुस्तीवाल्याचं. त्या घरी बसून शाळेचे गणवेश शिवत, आणि शिलाई मशीन कुरकुरलं की ते स्वतःच खोलून, पुसून, तेल घालून पुन्हा जोडत. त्यांच्या एका ड्रॉवरमध्ये बॉबिन, बटणं आणि खडू, तर दुसऱ्यात पक्कड, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. दुसऱ्या ड्रॉवरला हात लावायची काकांना सक्त मनाई होती आणि काकांची त्याबद्दल अजिबात तक्रार नव्हती.

आता त्या संशोधकाविषयी. सगळं शहर त्याला पिळणीवाले म्हणे, कारण त्याने पिळणी शोधली. रबराचे दोन रूळ एकावर एक, बाजूला फिरवायचा दांडा. ओली चादर एकीकडून घालायची, दांडा फिरवायचा, की दुसरीकडून ती पापडासारखी चपटी होऊन बाहेर. त्याआधी चादर पिळायची म्हणजे दोन माणसं लागत. एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते, आणि दोन जावांचं भांडण चालू असेल तर चादर तशीच ठिबकत राहायची. पिळणी आली आणि घराघरांतले अबोले लांबले, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे पिळणी साऱ्या जगभर गेली. शहराला मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं. एक नदी होती, पण ती शेजारच्या शहराच्या नावाने ओळखली जाई.

पिळणीवाले जाऊन खूप वर्षं लोटल्यावर शहराने त्यांचा पुतळा उभारायचं ठरवलं. समिती नेमली गेली, चौकात जागा ठरली, बाहेरून एक शिल्पकार बाई बोलावल्या गेल्या. सगळं जमलं आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्यांचा चेहरा कुणालाच माहीत नाही.

फोटो एकच होता. त्यात पिळणी स्वच्छ दिसत होती. तिच्या दांड्यावरचा हात दिसत होता, कोटाची बटणं मोजता येत होती. पण कॉलरच्या वर नुसता धूर! ऐन वेळी गृहस्थाने मान हलवली होती.

मग समिती त्यांच्या पुतणीकडे गेली. पिळणीवाल्यांना डोळ्यांनी पाहिलेलं ते एकच माणूस उरलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. शिल्पकार बाई कागद-पेन्सिल घेऊन समोर बसल्या.

"आजी, तुमचे काका दिसायला कसे होते?"

"नाक होतं," आजी म्हणाल्या.

"आणि डोळे?"

"ते पण होते. दोन."

याच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी आजी वैतागल्या. "अगं बाई, मी तेव्हा एवढीशी होते. मला त्यांचे गुडघे आठवतात. गुडघ्यांचा पुतळा कर, मी सांगते कसे ते."

शिल्पकार बाई तिथून हात हलवत परतल्या, आणि वाटेत त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला. पाय ओढत त्या जवळच्या बुटांच्या दुकानात शिरल्या. नंबरकाका गुडघ्यावर बसले, त्यांनी बाईंचा पाय हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घालून त्याकडे बघू लागले. पाय अवघड होता. सहा घट्ट आणि सात ढगळ, अशा जातीचा. काकांचे डोळे बारीक झाले, खालचा ओठ पुढे आला, एक भुवई वर चढली. जणू विश्वाचं गूढ उकलायला दोनच मिनिटं उरली आहेत.

"हलू नका!" बाई ओरडल्या.

काकांना वाटलं, अंगावर पाल पडली. ते जागच्या जागी थिजले. बाईंनी कागद काढला आणि एक पाय उघडा तसाच ठेवून भराभर रेघा ओढू लागल्या. दुकानाचे मालक गल्ल्यावरून उठून आले, गिऱ्हाइकं जमली. "हाच," बाई स्वतःशीच म्हणत होत्या. "विचारात बुडालेला माणूस असाच दिसतो."

"विचार म्हणजे, साडेसहाचा माल संपलाय," काका ओठ न हलवता म्हणाले.

त्यानंतरचे कित्येक रविवार काका नदीकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसले. बाईंनी त्यांना बजावलं होतं, की चेहरा काही जसाच्या तसा घेणार नाही, फक्त "भाव" घेणार. काकांना वाटलं, भाव तर भाव, आपलं काय जातंय? मातीचा गोळा हळूहळू आकार घेत होता, पण बाई तो ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत. काकांना त्या स्टुलावर छान डुलकी लागायची. मग बाई म्हणायच्या, "विचार करा, काका, विचार!" आणि काका बाईंच्या पायांचा विचार करत.

अनावरणाच्या दिवशी चौक फुलून गेला होता. काका-काकू पुढून तिसऱ्या रांगेत होते. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड घसरलं. ब्राँझचे पिळणीवाले एक हात पिळणीच्या दांड्यावर ठेवून उभे होते. डोळे बारीक, ओठ पुढे, एक भुवई वर.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले नंबरकाका!"

जो हशा पिकला तो थांबेना. टाळ्या वाजवायचं सगळे विसरले. समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, लाल झाले, मग पांढरे झाले, मग काकांकडे असे बघू लागले की जणू काकांनीच चोरून चेहरा तिथे चिकटवला होता. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू मात्र पुतळ्याकडे टक लावून बघत होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "बिल आलं की तुम्ही अस्सेच दिसता."

त्याच संध्याकाळी समितीची बैठक बसली. बाई म्हणाल्या, भाव घेता घेता चेहराही आला, त्याला मी काय करू? अध्यक्ष म्हणाले, वितळवून टाका. बाई म्हणाल्या, मग माझंही डोकं वितळवून त्यातच घाला. भांडण हातघाईवर यायला लागलं तेव्हा कुणीतरी सुचवलं, की पुतणी आजींना विचारू, त्या म्हणतील ते खरं.

दुसऱ्या दिवशी आजींना खुर्चीत बसवून चौकात आणलं. त्यांनी चष्मा पुसला, पुतळ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेजारी अंग चोरून उभ्या असलेल्या काकांनाही न्याहाळलं.

"माझे काका याच्यापेक्षा बरेच कुरूप होते," त्या म्हणाल्या. "राहू द्या. त्यांचं भलंच झालं."

झालं, पुतळा राहिला. काकांना वाटलं, चार दिवस लोक हसतील आणि विसरतील. लोक हसले आणि विसरलेही. पण ते नेमकं काय विसरले ते पुढे कळलं.

सुरुवात कोपऱ्यावरच्या न्हाव्यापासून झाली. त्याचं घड्याळ बंद पडलं होतं. तो दुकानात आला आणि घड्याळ काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, जरा बघता का?"

"मी?" काका म्हणाले.

"तुम्ही नाही तर कोण?" न्हाव्याने खिडकीतून चौकाकडे बोट दाखवलं. तो थट्टा करत नव्हता. पुतळ्यासमोरून दिवसातून दहा वेळा जाता-येता त्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं होतं.

इथे काकांचं जन्माचं दुखणं आड आलं. जन्मभर विक्रेत्याचं काम केलेला माणूस, गिऱ्हाइकाला "नाही" म्हणणं जिभेवरच येईना. त्यांनी घड्याळ घेतलं, डोळे बारीक केले, ओठ पुढे काढला. न्हावी समाधानाने निघून गेला. काकांनी घड्याळ घरी नेऊन काकूंच्या शिलाई मशीनवर ठेवलं. काकूंनी ते उघडलं, त्यातून एक मेलेली मुंगी काढली, आणि घड्याळ टिकटिकू लागलं.

न्हाव्याने ही बातमी दाढीगणिक एकेका माणसाला सांगितली. मग रीघच लागली. मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, पंखे आले, एका बाईने नवऱ्याचं श्रवणयंत्र आणलं आणि "नाही झालं तरी चालेल," असंही वर सांगितलं. काका सगळं घेत, गंभीरपणे मान डोलवत आणि पिशवीत भरून घरी नेत. बुटांच्या रिकाम्या खोक्यांचा एवढा सुरेख उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

काकूंना आधी मजा वाटली. एकेका यंत्राचं पोट फाडून बघायला त्यांना गणवेशांच्या काखा शिवण्यापेक्षा कितीतरी जास्त आवडे. पण एकदा त्या बाजारात गेल्या असताना भाजीवाली त्यांना म्हणाली, "नशीबवान आहात हो ताई! घरात असा हुशार माणूस म्हणजे तुम्हाला कशाला हात लावायला नको."

काकू त्या दिवशी भाजी न घेताच घरी आल्या. काका नेमके दोन इस्त्र्या घेऊन दारात उभे होते.

"ठेवू नका त्या इथे," काकू म्हणाल्या.

"अगं, उद्या द्यायच्या कबूल केल्यात मी."

"मग करा की दुरुस्त! पुतळा तुमचा, वाहवा तुमची, आणि हात काळे करायचे मी? मी काय तुमच्या पुतळ्याचा चौथरा आहे?"

काकांना यावर काही म्हणता आलं असतं, पण ते सगळं खोटं ठरलं असतं. खरं तर ती शाबासकी त्यांना आवडू लागली होती. रस्त्याने जाताना लोक नमस्कार करत, तेव्हा ते हल्ली पायांकडे न बघता तोंडाकडे बघत. काकू बोलल्या तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा जाणवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. इस्त्र्या त्यांनी स्वतःच उघडायच्या ठरवल्या. एक उघडली. बंद मात्र झाली नाही. तिचे तीन स्क्रू जास्तीचे उरले. ते कुठून आले हे इस्त्रीलाही सांगता आलं नसतं.

आणि अशातच पुतणी आजी पिळणी घेऊन आल्या.

साधीसुधी नव्हे, खुद्द पिळणीवाल्यांच्या हातची पहिली पिळणी. ती अडगळीत पडून गंजली होती, दांडा फिरत नव्हता. आजी सरळ घरी आल्या, सोबत आलेल्या दोन हमालांनी पिळणी मोरीजवळ ठेवली. आजी खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"कर दुरुस्त," त्या काकांना म्हणाल्या. "मी बसून बघते. माझे काका काम करताना कसे दिसायचे ते तरी कळू दे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू शिवत होत्या. मान वर केली नाही.

"आजी, ठेवून जा ना, उद्या..."

"उद्या मी असेन की नाही कुणास ठाऊक! आत्ता."

काकांनी बाह्या मागे सारायला हव्या होत्या. त्या न सारताच त्यांनी दोन रुळांमध्ये वाकून पाहिलं, आतलं काही दिसेना म्हणून बोटाने चाचपलं, आणि दुसऱ्या हाताने, का कोण जाणे, सगळा जोर लावून दांडा ओढला. इतकी वर्षं अडलेला दांडा त्या क्षणी फिरला! बाही आत गेली, पाठोपाठ कोपरापर्यंत शर्ट गेला, आणि काका गालासकट यंत्राला जाऊन भिडले.

"अगं!" एवढाच आवाज पिळणीच्या खालून आला.

काकू धावल्या. त्यांनी पिळणीच्या बाजूला हात घातला, एक कळ दाबली आणि वरचा रूळ खाडकन उचलला गेला. काका सुटून जमिनीवर बसले. हात शाबूत होता, बाही मात्र पापड झाली होती.

आजी हसत होत्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता रडल्या. शेवटी पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ती कळ तुला कशी काय सापडली गं?"

"बघितली होती," काकू म्हणाल्या. "तुम्ही ठेवलीत तेव्हाच. इथे गंज कमी होता. म्हटलं, हा भाग खूप वापरलेला दिसतोय."

"वापरणारच! पहिल्यांदा जेव्हा काकांनी पिळणी फिरवली ना, तेव्हा त्यांची दाढी अडकली आत. छातीपर्यंत होती! काकीने कात्री आणून अर्धी कापली, तेव्हा सुटले. ती कळ त्यानंतर बसवली. आणि दुसऱ्याच दिवशी फोटोवाला आला. अर्ध्या दाढीचा फोटो निघू नये म्हणून गृहस्थ मुंडी हलवत राहिले! घरात हे सांगायची सगळ्यांना बंदी होती. आता बंदी घालणारंच कुणी उरलं नाही."

काका जमिनीवरूनच म्हणाले, "म्हणजे तेही माझ्यासारखेच?"

"तुझ्यासारखे कशाला?" आजी म्हणाल्या. "ते अडकले, पण पुन्हा कुणी अडकू नये म्हणून कळ बसवली. तू काय बसवणार आहेस?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. ते उठले, कपडे झटकले आणि तसेच, एक बाही चपटी घेऊन, तडक दुकानात गेले. मालकांना म्हणाले, "तो कोपरा, जिथे पावसाळी बूट धूळ खात पडलेत, तो मला हवाय."

"तुम्हाला? कशाला?"

"मला नको. हिला."

मालकांनी आढेवेढे घेतले. पण दुरुस्तीला येणारी माणसं जाता जाता बूटही घेतात हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. कोपरा मिळाला. पाटी रंगवणाऱ्याला काकांनी समोर बसून मजकूर सांगितला आणि "काकू" ही अक्षरं इतकी मोठी काढायला लावली, की "दुरुस्ती" बारीक लिहावी लागली. ज्याने ज्याने विचारलं त्याला काका स्वतः सांगत सुटले, की घड्याळापासून मिक्सरपर्यंत सगळं हिने केलं, मी फक्त पिशव्या वाहिल्या. न्हाव्याचा यावर कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. त्याचं म्हणणं, काका थोर आहेत, म्हणून असं बोलतात.

काकूंच्या हाताखाली पिळणीवाल्यांची पहिली पिळणी पुन्हा फिरू लागली. आजींनी ती शाळेला दिली. समितीच्या अध्यक्षांनी दाढीची हकीकत ऐकली तेव्हा ते म्हणाले, ही गोष्ट शाळेत सांगू नका, मुलं हसतील. मुलांना ती आधीच पाठ होती.

काकू काउंटरच्या त्या कोपऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसू लागल्या आणि काका गिऱ्हाइकांना बसवून घेऊ लागले. हे काम त्यांना उत्तम जमे. पंखा बिघडलेला माणूस नुसता पंखा घेऊन येत नाही, घरातलं सगळं गाऱ्हाणं घेऊन येतो. काका ते ऐकून घेत. काकूंचं काम होईपर्यंत माणसाचा निम्मा बिघाड इकडेच निघालेला असे. शिवाय जाताना त्याच्या पायात नवीन जोडही असे. कधी नवराबायकोचं वाजलं, तर काकू एवढंच म्हणत, "बाही सांभाळा." काका लगेच ताळ्यावर येत.

दिवस जात राहिले. काकांचे केस गेले, मग दात गेले. गाल आत गेले आणि पुढे आलेला ओठ माघारी फिरला. कवळी बसवली, तर तिने हनुवटीचा आकारच बदलून टाकला. चौकातला माणूस होता तसाच पन्नाशीत राहिला, पावसापाण्याने थोडा हिरवा झाला, एवढंच. नवी पिढी दोघांना शेजारी ठेवूनही ओळखेना.

एका रविवारी काका चौकात पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून ऊन खात बसले होते. बाहेरगावचं एक जोडपं तिथे आलं. त्यांनी माहितीची पाटी वाचली, पिळणीचं कौतुक केलं, कॅमेरा काढला.

"आजोबा, जरा बाजूला होता का?" तरुण म्हणाला. "तुम्ही फोटोत येताय."

काका उठले. त्यांना काय वाटलं ते त्यांनाच चटकन कळेना. आधी जरा टोचलं. मग पोटातून हसू फुटलं ते थेट दुकानापर्यंत पुरलं. "अगं, ऐकलंस का?" म्हणत त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"मग झालात ना बाजूला?" काकूंनी डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं.

"झालो की."

"चांगलं केलंत. फोटो नीट आला असेल."

त्या आठवड्यात दुकानात आलेल्या एकूण एक गिऱ्हाइकाला काकांनी ही गोष्ट ऐकवली. सोमवारी त्यात एक जोडपं होतं. बुधवारपर्यंत त्यांच्यासोबत दोन मुलं आणि सासूबाई आल्या, आणि शनिवारी तर काकांना बाजूला सारण्यासाठी एक अख्खी बस चौकात येऊन थांबली होती.